घड्याळजीचा नियम

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आधी एकेकाची विचारपूस करून घेतो, नाहीतर मी माझ्याच नादाला लागेन आणि तुझी वहिनी म्हणेल, "पत्र लिहिलंत की भाषण?"

तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना अजून वाजतो का? लेक नव्या नोकरीत रुळली की अजून रोज फोन करून रडते? खालच्या शिंपीणबाईंचा खोकला गेला का? मांजर बरं आहे ना? आणि शेवटी विचारतो, पण मनात पहिलं तेच आहे: तुझा नवरा, म्हणजे माझा घड्याळजी, कसा आहे? उजवं बोट तरी हललं का? तोंडातून "तेच" सोडून दुसरा एखादा शब्द निघाला का?

इकडची हालहवाल अशी: वहिनीचं मोडलेलं खुब्याचं हाड हळूहळू सांधतंय. पलंगावरून उठायची मुभा नाही, त्यामुळे सगळा राग जिभेवाटे निघतो. मला तिच्या हाकेच्या टप्प्याबाहेर जाता येत नाही, आणि माझ्या कानांमुळे तो टप्पा फार आखूड झालाय. चाळीस वर्षं फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे केले, कान तिथेच ठेवून आलो. म्हणून फोनचं नाव काढू नकोस. तू "बरं आहे" म्हणतेस आणि मला तेवढंही ऐकू येत नाही. दोन दिवसांचा प्रवास करून यावं तर हिला कोणाच्या भरवशावर टाकू?

पण हातपाय गाळून बसणारा मी नव्हे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं ना, पहिल्या सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं म्हणून? अर्धांगाचा झटका आला नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे मेपर्यंत मुदत आहे. तर मी नवा डाव बनवलाय. मी तिकडे राहत होतो तोवर आम्ही दोघांनी तीस वर्षं दर रविवारी त्याच्या घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत फासे आणि डॉमिनो एकत्र करून अकरा डाव काढले, हा बारावा.

सोबत पेटी पाठवतो. नियम सोपा आहे. डॉमिनोच्या अठ्ठावीसही पट्ट्या उताण्या मांडून ठेवायच्या. एक जोडपट्टी, म्हणजे दोन्ही अर्ध्यांवर सारखेच ठिपके असलेली, मधे ठेवून सुरुवात. मग फासा टाकायचा. साखळीच्या टोकाला जो आकडा असेल तो आणि फाशावर पडलेलं दान, हे दोन्ही असलेली पट्टी शोधून लावायची. ती आधीच लागून गेली असेल तर खेळी बुडाली. गंमत सगळी तिथेच आहे. ज्याच्या तीन पट्ट्या आधी लागतील तो जिंकला.

डाव्या हाताने खेळू दे. कसा खेळला ते लिही.

तुझा दादा

*

२७ जानेवारी

प्रिय दादास,

सा. न. पेटी पोचली. गुडघा आहे तसाच. लेक रुळली. शिंपीणबाईंचा खोकला गेला आणि आता सर्दी आलीये. मांजर सुखात आहे, घरात तेवढं एकच.

ह्यांची तब्येत तशी बरी आहे. उजवा हात अजून उशीवर ठेवला तर तिथेच राहतो. शब्द एकच, "तेच". पाणी हवं तरी तेच, पाठ दुखली तरी तेच. मी अंदाजाने करत जाते. चुकलं की डोळे मिटतात.

डाव मांडला होता. पट्ट्या लहान आहेत, डाव्या हातातून निसटतात. बाकी ठीक.

वहिनीला सांग, राग जिभेवाटे निघतोय तोवर चांगलं. इथे घर इतकं शांत झालंय की ह्यांच्या सगळ्या घड्याळांना मी किल्ली देऊन ठेवते.

तुझी धाकटी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं "बाकी ठीक" वाचून मी तडक रंधा काढला. पट्ट्या निसटतात म्हणजे माझीच चूक. साच्याच्या माणसाने माप चुकवावं! नवा संच पाठवतोय. प्रत्येक पट्टी तळहाताएवढी, कडा घासून गोल केल्यात. ठिपके असे खोल कोरलेत की अंगठा आत जाईल. आणि फासा चांगला लिंबाएवढा! लहान मूलसुद्धा खेळेल. वहिनीने हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हा फासा आहे की डोक्यात घालायचा दगड?" तिला काय कळतंय.

ह्या वेळी मात्र मला नुसतं "ठीक" चालणार नाही. एक पूर्ण डाव, खेळी न् खेळी लिहून पाठव. कोणाला काय दान पडलं, कोणी कोणती पट्टी लावली. मी इथे टेबलावर मांडून बघेन. तेवढंच तुमच्यात बसल्यासारखं वाटेल.

त्याला म्हणावं, हरलास तर तोंड पाडू नकोस, रविवारी पाडायचास तसं.

तुझा दादा

*

१ मार्च

प्रिय दादास,

सा. न. नवा संच मिळाला. काम फार सुबक झालंय. हे घे तुझा डाव, खेळी न् खेळी.

मधे पाचाची जोडपट्टी ठेवली. मला तीन पडले, मी पाच-तीन लावली. ह्यांना दोन पडले, त्यांनी तीन-दोन शोधून लावली, एकट्याने. मला सहा, मी दोन-सहा. ह्यांना पाच, त्यांनी सहा-पाच. मग मला पुन्हा सहा पडले, पण सहा-पाच तर लागून गेलेली, म्हणून माझी खेळी बुडाली. हे हसले. मग ह्यांना तीन पडले, त्यांनी पाच-तीन लावली आणि जिंकले. तीन पट्ट्या त्यांच्या, दोन माझ्या.

झालं समाधान? आता रोज दुपारी एक डाव होतो. तू काळजी करू नकोस. लाकडाचा भुगा छातीत जातो, तोंडाला फडकं बांधत जा.

तुझी धाकटी

*

१४ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या सकाळी मी वहिनीच्या पलंगाशेजारी टेबल ओढलं आणि तिला म्हटलं, "बघ, घड्याळजी जिंकलाय, तुला दाखवतो." एकेक खेळी मांडत गेलो. तो हसला तिथे मीही हसलो. शेवटी पाच-तीन घ्यायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. पाच-तीन तू पहिल्याच खेळीत लावली होतीस. संचात ती एकच असते गं.

आधी वाटलं लिहिण्यात गफलत झाली. पण घड्याळजी लागून गेलेली पट्टी पुन्हा लावेल? ह्या डावात दुसरा नियमच नाही! आणि त्याच्या समोर दुसऱ्या कोणी लावली तर तो गप्प बसेल? मी एकदा चुकून सहा ठिपक्यांच्या जागी सात कोरले तर आठवडाभर चिडवत होता.

वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "तिने डाव मांडलाच नसेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल." मी तिच्यावर ओरडलो. मग पट्ट्या पेटीत भरल्या.

मी रागावलेलो नाही. तुला लहानपणी खोटं बोलताना कान लाल व्हायचे, पत्रात ते दिसत नाहीत एवढंच. काय चाललंय ते सरळ लिही. वाईट असेल तर वाईट लिही.

तुझा दादा

*

२६ मार्च

प्रिय दादास,

वहिनीने बरोबर ओळखलं. एकही डाव झाला नाही.

पहिली पेटी आली तेव्हा ह्यांनी निदान एक पट्टी हातात घेतली, उलटून पाहिली, खाली ठेवली. मला वाटलं, येईल हळूहळू गोडी. मग तुझा तो मोठा संच आला. मी हौसेने सगळा मांडला, तो लिंबाएवढा फासा ह्यांच्या डाव्या हातात दिला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होते कोण जाणे. दादा, तिळापेक्षा बारीक स्क्रू चिमट्याने उचलणारा माणूस हा. ह्यांनी फासा सोडून दिला, आणि डाव्या हाताने सगळ्या पट्ट्या एका झटक्यात जमिनीवर लोटल्या. मग भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मी पट्ट्या गोळा करायच्या निमित्ताने पलंगाखालीच बसून राहिले. वर बघायचा धीर होईना.

आता तुझं पार्सल नुसतं दिसलं तरी हे डोळे मिटतात. व्यायामाच्या बाई येतात, हात वरखाली करतात, जातात. काल मी विचारलं, "फरक पडेल ना?" तर म्हणाल्या, "मनाने साथ द्यायला हवी, पण हे मनच देत नाहीत." चार महिने उलटून गेले.

खोटं का लिहिलं विचारशील. खरं लिहिलं असतं तर तू हिरमुसून गप्प बसला असतास. तुझं पत्र मी मोठ्याने वाचते. तेवढा वेळ घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं. मला ते घालवायचं नव्हतं.

आता तू कितीही सोपा डाव केलास तरी पाठवू नकोस.

तुझी धाकटी

*

६ एप्रिल

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून चार दिवस सुचेनासं झालं. वहिनीने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "मी गाढव आहे असं लिहिलंय." ती म्हणाली, "एवढ्यासाठी तिकीट कशाला खर्च केलं?"

ज्या माणसाचं डोकं शाबूत आहे त्याच्या हातात मी लहान मुलाचं खेळणं दिलं. तो पडला होता, आणि मी वरून थोपटत होतो, बाळा खेळ हं.

ह्या वेळी नेहमीच्या मापाच्या पट्ट्या आहेत, आमच्या रविवारच्या. सोबतच्या कागदावर मांडणी काढलीय, तश्शी मांड. आणि आता पुढचं त्याला मोठ्याने वाचून दाखव. तोंड भिंतीकडे असलं तरी चालेल, कान इकडेच असतात.

घड्याळजी, ऐक. माझं घोडं अडलंय. दोघे खेळतात, साखळीला दोन्ही टोकांनी पट्ट्या लावतात, कोणत्या टोकाला लावायची ते फासा ठरवतो. सम पडले तर डावं टोक, विषम पडले तर उजवं. इथपर्यंत झकास चालतं. पण खेळता खेळता दोन्ही टोकांना चौका येतो आणि चौक्याच्या सातही पट्ट्या संपलेल्या असतात. मग फासा टाकून टाकून मनगट दुखलं तरी पुढे जाता येत नाही. ढिगात पट्ट्या शिल्लक आहेत, दोघांच्या हातात आहेत, फासा आहे, आणि डाव मेलेला. वहिनी म्हणते, इथेच संपला असं म्हणा. तू असतास तर म्हणाला असतास, "इथे गळतंय."

आणि आज कबूलच करतो. त्या अकरा डावांतला एकही नियम माझा नव्हता. "उलटा जिना" तुझा, "आगगाडी" तुझा, लावलेली पट्टी फिरून परत हातात येते तो "सासूबाई" तर तुझाच. मी पट्ट्या कापल्या आणि बाहेर सांगत फिरलो, आम्ही दोघांनी मिळून काढले. तू कधी खोडून काढलं नाहीस. तुझ्याशिवाय मला काहीएक सुचत नाही रे. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी खरंच अडलोय.

धाकटे, वाचून झालं की पट्ट्या तिथेच राहू दे आणि तू दुसऱ्या खोलीत जा.

तुझा दादा

*

२५ एप्रिल

प्रिय दादास,

काय काय सांगू आणि कसं सांगू.

तू म्हणालास तशी पलंगावरच्या टेबलावर कोंडी मांडली. तुझं पत्र वाचलं. "सासूबाई" आला तिथे ह्यांच्या मानेजवळ काहीतरी हललं. मी दुसऱ्या खोलीत गेले. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आले तर तोंड टेबलाकडे! मी चमचा पुढे केला तर हाताने बाजूला सारला, मी मधे येत होते म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात घड्या घालत उभी होते. आधी आवाज आला. "च्च." दुसऱ्या कोणी बिघडवलेलं घड्याळ उघडलं की करायचे ना, तोच. माझ्या हातातली चादर तिथेच राहिली. ह्यांनी डावा हात उचलला. टोकांकडे बघितलंसुद्धा नाही. साखळीच्या मधली एक पट्टी, पाच-दोनची, एका बोटाने अर्धी बाहेर ओढली. मग फासा घेतला. टाकला नाही. बोटांत फिरवून फिरवून हवा तो आकडा वर आणला आणि त्या फटीत ठेवला. किती वेळ लागला! घामाने कपाळ भिजलं. मग माझ्याकडे पाहिलं. दादा, पाच महिन्यांत असं पाहिलं नव्हतं. बघ, झालं, असं.

आणि मला काही कळलं नाही.

मी म्हटलं, "इथून साखळी तोडायची का?" म्हणाले, "तेच." म्हटलं, "का इथून फाटा काढायचा?" "तेच." "पट्टी काढून घ्यायची?" "तेच, तेच!" आणि मूठ टेबलावर. मी पेन्सिल दिली, डाव्या हाताने कागद फाटला. मी एकेक विचारत गेले, मलाच काय विचारायचं ते माहीत नव्हतं. मी कधी खेळले होते? तुम्ही दोघे मागच्या खोलीत, मी चहा देऊन परत. शेवटी हे नुसते बघत राहिले माझ्याकडे, कोणी परक्या भाषेतला माणूस उभा असावा तसं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. व्यायामाच्या बाई आल्या, अंग पुसायचं होतं, टेबल सरकवलं. चाक अडलं, टेबलाला हिसका बसला, पट्ट्या घसरल्या, फासा खाली. मी होतं तसं ठेवायला गेले. पण फाशावर वर तीन होते की चार? तीनच वाटतात. पण तुझ्या पत्रात चौका चौका वाचलेलं, म्हणून चारही वाटतात. मी तीन ठेवले. ह्यांनी पाहिलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. चार केले, तरी तेच. पट्टी चुकीच्या बाजूला ओढली की काय, तेही आता आठवत नाही.

त्यानंतर हात लावलेला नाही. टेबल मी तसंच ठेवलंय. तूच काहीतरी ओळख. तुला कळेल. तुम्हाला एकमेकांचं कळायचं.

तुझी धाकटी

*

४ मे

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आज कोणाचीच विचारपूस करत नाही, सगळे आपापल्या जागी असतील असं धरतो.

तू आधी स्वतःला बोल लावणं बंद कर. माणूस स्वच्छ ठेवायचा की टेबल जपायचं? चाक अडलं ते चाकाचं पाप.

मी तीच कोंडी मांडली. पाच-दोन मधून ओढली. ओढली की एका अंगाला पाच उघडे पडतात, दुसऱ्या अंगाला दोन. म्हणजे मेलेल्या साखळीच्या पोटात दोन जिवंत टोकं निघतात. हे मला कधी सुचलं नसतं. हे घड्याळजीचंच. पण पुढे? फाशावर तीन असतील तर वाटतं, पाच-तीन आणि तीन-दोन लावून फट सांधायची. तसं खेळून पाहिलं, चार खेळ्यांत पुन्हा कोंडी. चार असतील तर चौक्याची पट्टी शिल्लकच नाही, मग फासा म्हणजे काय, पट्टीच्या जागी उभा केलेला पहारेकरी? तसं पाहिलं, तर ज्याची खेळी तोच नेहमी जिंकतो. अर्धी पट्टी बाहेर ठेवायची की पूर्ण काढायची? फासा त्याने ठेवला म्हणजे खेळणाऱ्याने आकडा निवडायचा, की पडलेलं दान तिथे ठेवायचं? अकरा प्रकारे मांडून पाहिलं. वहिनी पलंगावरून दोन्ही बाजूंनी फासे टाकत होती. काल ती म्हणाली, "अहो, तुम्हाला नाही येणार." चिडवायला नाही म्हणाली. हळूच म्हणाली.

तुला वाटलं मला कळेल. नाही कळलं गं. तो नुसतं एखादं बोट दाखवायचा आणि मी "हां" म्हणायचो, पण त्यानंतर तो अर्धा तास समजावून सांगायचा, ते मी विसरलो होतो. त्याच्या डोक्यात एक पुरा नियम तयार आहे, नीट घासलेला, एकही भोक नसलेला. तू त्याच्यापासून हातभर अंतरावर आहेस, मी दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तो स्वतः तर त्या नियमाला चिकटून पडलाय. तिघांपैकी कोणालाही तो बाहेर काढता येत नाही. सहा महिने ह्या आठवड्यात भरले. ते मी मोजत होतो, तूही मोजत असशील.

म्हणून आता मला जमण्यासारखं एकच उरलंय, ते करतो. माझा चुकीचा नियम पाठवतो. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय: फट पडली की तिथे पडेल ते दान ठेवायचं आणि साखळीचे दोन वेगळे डाव करायचे. हा चूक आहे, मला माहीत आहे, कारण असे दोन डाव कधी संपतच नाहीत. तरी तू मांड, त्याला वाचून दाखव, आणि सांग, दादा म्हणतो हाच तुझा नियम. दुसऱ्याची चूक दिसली की त्याला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. अंदाज करू नकोस, प्रश्न विचारू नकोस. नुसती त्याच्या हाताकडे बघत बस. आधी पट्टीला हात लावतो की फाशाला, ओढतो की ढकलतो, तेवढंच पाहा.

मग काय झालं ते लिही. तोंड फिरवलं तर तसं लिही. रडला तर तसं लिही. काहीच केलं नाही तर "काहीच केलं नाही" एवढंच लिहून धाड, पण खरं लिही, आणि लवकर लिही. मी दुसरा चुकीचा नियम लिहायला घेतलाय.

तुझा दादा